चालताना बोललं की तोल का जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६९ वर्षांचे. एकटे चालतात तेव्हा चाल सरळ, वेगही बरा. पण चालता चालता कुणी काही विचारलं की जागीच थांबतात, उत्तर देतात आणि मगच पुढचं पाऊल टाकतात. फोनवर बोलत जिना उतरताना दोनदा तोल गेला, कठडा धरून सावरले. अलीकडे ‘काय म्हणालास?’ हेही वाढलंय. पायांची ताकद आणि रक्तदाब तपासून झाला, दोन्हीत काही सापडलं नाही. मग दोष पायांत आहे, कानांत की मेंदूत? आणि चालताना त्यांच्याशी बोलणंच बंद करायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सरसकट बंद करू नका. जिन्यावर, रस्ता ओलांडताना आणि ओल्या फरशीवर मात्र आजपासून बंद.

आता पाय, कान की मेंदू याविषयी. तिघांपैकी एकातच बिघाड शोधत बसलं तर बरेचदा तिन्ही तपासण्या ‘नॉर्मल’ येतात आणि माणूस तरीही अडखळतोच. कारण तपासणी करताना आपण एका वेळी एकच गोष्ट करायला लावतो. खुर्चीत बसवून पायांची ताकद बघतो, शांत खोलीत कान तपासतो. त्यांची अडचण येते ती दोन गोष्टी एकत्र आल्यावर. म्हणून मी प्रश्न असा मांडेन: तोल सांभाळून झाल्यावर त्यांच्या मेंदूकडे हातचा, म्हणजे शिल्लक लक्ष, किती उरतो, आणि ऐकण्या-बोलण्यात त्यातला किती खर्च होतो?

आपण स्थिर उभे आहोत असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात कुणीच स्थिर उभं नसतं. शरीराचा भार घोट्याच्या सांध्याच्या किंचित पुढे पडतो. म्हणजे शरीर कायम पुढे कलायच्या बेतात असतं आणि पोटऱ्या त्याला थोडं थोडं मागे खेचत राहतात. या बारीक हेलकाव्यांची बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, तळपाय आणि घोटे, आणि अंतर्कर्ण. अंतर्कर्णात दर बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळल्याचं कळवतात. शेजारच्या दोन बारीक पिशव्या डोकं कललंय का, शरीराचा वेग बदललाय का, ते सांगतात. तरुणपणी या बातम्या भरपूर आणि स्पष्ट असतात, त्यामुळे तोलाचं बरंचसं काम लक्ष न देताच उरकतं. वय वाढतं तसे तळपाय थोडे बधिर होतात, अंतर्कर्णातल्या संवेदी पेशी कमी होतात, नजर मंदावते. बातमी पुसट झाली की मेंदूला तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं. जे काम आपोआप व्हायचं ते आता मुद्दाम करावं लागतं. सपाट जमिनीवर, निवांतपणे चालताना हे कळतही नाही, कारण लक्ष दुसरीकडे कुठे लागलेलं नसतं. प्रश्न विचारला की ते वाटलं जातं.

तुमचे वडील थांबतात, ही गोष्ट म्हणूनच दोन बाजूंनी बघायला हवी. स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांवर एक साधं निरीक्षण झालं होतं: सोबत चालत असताना गप्पा सुरू करायच्या आणि कोण थांबतं ते पाहायचं. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले. म्हणजे थांबण्याची खूण हलक्यात घेण्यासारखी नाही. पण त्याच पाहणीत जे न थांबता चालत राहिले त्यांच्यातलेही काही पडले, तेव्हा ‘आमचे थांबत नाहीत, म्हणजे सगळं ठीक’ असाही अर्थ काढायचा नाही. दुसरी बाजू अशी की थांबणं हा मेंदूचा शहाणपणा आहे. दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत हे ओळखून तो पायांना आधी सुरक्षित करतो. मला काळजी जास्त वाटते ती न थांबता, बोलण्याच्या नादात पाय ओढत चालणाऱ्यांची. पार्किन्सनच्या रुग्णांत हे पुष्कळदा दिसतं: बोलणं चालू राहतं आणि पाऊल बिघडतं. म्हणून ‘थांबू नका, चालत राहा’ असं वडिलांना सांगू नका.

थांबताना काय होतं ते एकदा नीट बघा, बाजूने. प्रश्न कानावर पडतो आणि आधी हातांचे झोके बंद होतात. मग पुढे जाणारं पाऊल ठरल्यापेक्षा लवकर खाली येतं, आखूड पडतं. पाय जरा फाकतात. नजर जमिनीवर जाते किंवा मान बोलणाऱ्याकडे वळते. हात भिंतीकडे किंवा खुर्चीच्या पाठीकडे जातो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं थांबणं आणि आधार शोधत थांबणं यांत फरक आहे. आधार शोधत असतील तर हातचा जवळजवळ संपलेला आहे असं समजा.

आता कान. तुम्ही ‘काय म्हणालास?’ हे जाता जाता लिहिलंय, मला तो प्रश्नातला सगळ्यात मोलाचा तपशील वाटतो. ऐकू कमी येणं आणि तोल जाणं यांचा संबंध निदान तीन वाटांनी लागतो.

पहिली वाट शरीररचनेची. ऐकण्याचा शंख आणि तोलाच्या नलिका एकाच हाडाच्या पोकळीत शेजारी शेजारी आहेत, त्यांतला द्रव जोडलेला आहे आणि दोघांचे संदेश आठव्या मज्जातंतूनेच मेंदूत जातात. एकाची झीज झाली तर दुसऱ्याची तपासणी करणं शहाणपणाचं.

दुसरी वाट श्रमाची, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स्वर साधारण खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. व्यंजनांची ओळख पटवणारे बारीक आवाज वरच्या पट्टीत असतात, ते निसटतात. ‘पाठ’, ‘काठ’ आणि ‘ताठ’ हे तीन शब्द अशा कानाला जवळजवळ सारखेच लागतात. म्हणून असे लोक सांगतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ मग मेंदू मागच्यापुढच्या संदर्भावरून गाळलेल्या जागा भरत बसतो. तो शब्द जुळवेपर्यंत पुढचं वाक्य येऊन पडतं. ही कसरत बाहेरून दिसत नाही, पण लक्षाच्या हिशेबात ती महाग आहे. चांगल्या कानाच्या माणसाला जे वाक्य फुकटात कळतं, त्यासाठी यांना हातचा मोडावा लागतो, आणि नेमका तोच पावलांसाठी राखलेला असतो.

तिसरी वाट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. जागेवर स्थिर असलेला आवाज हा खुंटीसारखा काम करतो. पंख्याची घरघर, भिंतीवरून परतणारा पावलांचा आवाज यांवरून आपण जागेत कुठे आहोत याचा अंदाज मेंदू घेत असतो. २०१५ मध्ये श्रवणयंत्र वापरणाऱ्या, पासष्टी गाठलेल्या १४ जणांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. समोर एका जागी सलग आवाज ठेवून त्यांना फोमवर आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं केलं. यंत्र चालू असताना ते जास्त वेळ तोल धरू शकले. इतक्या कमी माणसांवरून यंत्र लावलं की पडणं थांबेल असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे. अमेरिकेत ४० ते ६९ वयाच्या दोन हजारांहून थोड्या अधिक लोकांच्या माहितीवरून २०१२ मध्ये असं दिसलं की २५ डेसिबलचा, म्हणजे सौम्य म्हणावा असा बहिरेपणा असलेल्यांत गेल्या वर्षभरात पडल्याचं सांगण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी एवढ्यावर कान तपासून घ्यायला माझी काही हरकत नसते.

इथवर ऐकण्याबद्दल झालं. बोलणं हे आणखी वेगळं काम आहे. बोलताना श्वासाची लय बदलते, छाती आणि पोट वेगळ्या तालात हलतं, जबडा आणि मान हलते. उभ्या माणसाचा हेलकावा नुसत्या शब्दोच्चारानेही वाढतो, डोक्याला ताण असो वा नसो. त्यामुळे चालताना १०० मधून ३-३ वजा करत मोठ्याने बोलायला लावलं आणि चाल बिघडली, तर ती डोक्याच्या कामामुळे बिघडली की तोंडाच्या, हे त्या एका चाचणीतून सांगता येत नाही. म्हणून मी पायऱ्या पाडते: आधी नुसतं ऐकणं, मग ऐकून हाताने खूण करणं, मग बोलणं.

डोक्याचं कामही सगळं सारखं नसतं. जागा आणि दिशा आठवायची कामं तोलाशी जास्त भांडतात. एका पायापुढे दुसरा ठेवून उभं राहायला लावलं तर शब्द लक्षात ठेवण्यात फारसा फरक पडत नाही, पण चौकटीत कुठे काय होतं हे आठवणं बिघडतं, हे १९८५ पासून माहीत आहे. व्यवहारात याचा अर्थ असा: जिन्याच्या मध्यावर असलेल्या माणसाला ‘चावी कुठे ठेवलीत?’ हा प्रश्न विचारू नका. तो डोळ्यांसमोर खोली उभी करतो आणि पायरी नजरेआड होते. ‘आज वार कोणता?’ हा प्रश्न त्या मानाने स्वस्त.

आणि एक उलटी गोष्ट. हलकं काम तोल बिघडवत नाही, कधी कधी सुधारतंही. उभ्या माणसाला समोर येणारे आकडे नुसते बघायला लावले तर हेलकावा कमी होतो. काम अवघड करत नेलं की वयस्कर लोकांत तो वाढतो. कारण असं की स्वतःच्या पायांकडे फार लक्ष दिलं की माणूस घोटे ताठरतो आणि आपोआप होणाऱ्या बारीक सुधारणा अडतात. घरचे लोक दर चार पावलांना ‘सांभाळून, पाय नीट टाका’ म्हणतात ना, त्याने हेच होतं. सांगायचंच असेल तर लक्ष शरीराबाहेर जाईल असं सांगा: ‘त्या दारापर्यंत जाऊ’, ‘समोरच्या खिडकीकडे बघत चला’.

आतापर्यंतचं एकत्र केलं तर: त्यांचा तोल पूर्वीपेक्षा जास्त लक्ष मागतो, कमी ऐकू येण्यामुळे ऐकणंही जास्त लक्ष मागतं, आणि दोन्ही मागण्या एकदम आल्या की ते थांबतात. हा अंदाज झाला. तो खरा का, हे घरीच बऱ्यापैकी मोजता येतं.

हात असलेली भक्कम खुर्ची घ्या, बैठक साधारण ४६ सेंटिमीटर उंच. तिच्यापासून ३ मीटरवर जमिनीला पट्टी चिकटवा. नेहमीचे बूट किंवा चपला घालून उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ‘सुरू’ म्हटल्यापासून पाठ टेकेपर्यंतचा वेळ घ्या. पहिली फेरी सरावाची, ती मोजायची नाही. पुढच्या दोन फेऱ्यांची सरासरी. तुम्ही त्यांच्या किंचित मागे आणि बाजूला चाला, पुढे नको. त्यांच्या कमरेपाशी हात तयार ठेवा, पण धरू नका.

मग खुर्चीत बसूनच ३० सेकंद ३-३ वजा करायला लावा, ९० च्या आसपास कुठूनही सुरुवात करून, आणि बरोबर उत्तरं मोजा. हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मग निकालाचा अर्थच लागत नाही. पाढे म्हणायला लावू नका. लहानपणी घोकलेला पाढा म्हणजे ताल असतो, त्यात हिशेब नसतो. काहींची चाल पाढ्यावर उलट सुधारते. नंतर तीच फेरी वजाबाकी करत. आणखी एक फेरी नुसती ऐकण्याची: खोलीच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी चार वाक्यांचा मजकूर नेहमीच्या आवाजात वाचायचा, आणि बसल्यावर त्यावर तीन प्रश्न विचारायचे.

हिशेब असा. समजा साधी फेरी ११.२ सेकंदांची आणि वजाबाकीसह १५.४. फरक ४.२, त्याला ११.२ ने भागलं तर ३७.५ टक्के. एवढा खर्च चालीवर पडला. पण बसून ३० सेकंदांत १० उत्तरं बरोबर आली असतील तर १५.४ सेकंदांत पाचेक यायला हवी होती. तीनच आली असतील तर डोक्याच्या कामावरही खर्च पडलाय, म्हणजे ओढाताण दोन्हीकडे आहे. चाल तशीच राहिली आणि उत्तरं मात्र गडगडली, तर ते पायांना प्राधान्य देतायत, ते चांगलं. उत्तरं सगळी बरोबर आणि चाल ढासळली, तर प्राधान्य उलटं लागलंय, आणि मला तिथे सगळ्यात आधी काम करावंसं वाटतं.

साधी फेरी १२ सेकंदांच्या वर गेली तर तोलाचीच नीट तपासणी हवी. वजाबाकीसह १५ सेकंद हा आकडा पूर्वीपासून वापरला जातो, पण तो ३० जणांच्या अभ्यासातून आलेला आहे, आणि त्याच अभ्यासात दुसरं काम जोडल्याने पडणारे आणि न पडणारे ओळखण्यात साध्या चाचणीपेक्षा विशेष भर पडली नव्हती. म्हणून मी आकड्याच्या रेषेपेक्षा त्याच माणसातला फरक बघते, आणि काय बिघडलं ते बघते. वळताना बिघडलं? बसताना अंदाज चुकला? सरळ चालण्यात पाऊल आखूड झालं? वळणावर बिघडणाऱ्यांना वेगळा सराव लागतो.

टक्केवारी मोठी आली म्हणून घाबरून जाऊ नका. विसराळूपणाची तक्रार असलेल्या लोकांत चालण्यावरचा असा खर्च २० टक्क्यांहून जास्त असेल तर पुढे डिमेन्शियाचा धोका अधिक दिसतो, हे २०१७ च्या एका अभ्यासात आलंय. पण तिथे आधीच स्मृतीच्या तपासणीत उणीव आढळलेली माणसं होती आणि चाल उपकरणाच्या पट्ट्यावर मोजली होती, तीही सरळ. घरच्या खुर्चीच्या फेरीवरून ते निदान होत नाही.

आणखी एक मोजमाप उभ्याने. भिंतीच्या कोपऱ्यात उभं करा, समोर खुर्चीची पाठ. पाय जुळवून १० सेकंद. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला लावून १०. मग टाचेला पंजा लावून एका रेषेत १०. मग एका पायावर. तिसरी पायरी १० सेकंद जमली नाही तर दुहेरी कामाचा सराव आत्ताच सुरू करायचा नाही. आधी पाया पक्का करायचा.

निकाल कशाकशावर अवलंबून बदलतो, तेही सांगते. तळपायाला मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर अंधारात खर्च एकदम वाढतो. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गुंगी आणणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाचं नवीन औषध यांनी वाढतो. पण औषध स्वतःहून बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाब बसून तपासला असेल तर उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा बघायला सांगा. जवळचं-लांबचं एकाच भिंगात असलेला चष्मा जिना उतरताना पायरी धूसर दाखवतो. आणि भीती. दोनदा तोल गेल्यावर माणूस मनात ‘पडेन का’ हे सतत घोकत असतो, ते घोकणं हेसुद्धा एक मानसिक कामच आहे.

आता करायचं काय. सगळ्यात स्वस्त उपाय ऐकणं हलकं करण्याचा. कानात मळ साचलाय का ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्या, ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढा. यंत्र सुचवलं तर सुरुवातीचे काही आठवडे भांडी, कागद, पावलं सगळंच कर्कश वाटतं. तेव्हा मेंदूवरचा भार तात्पुरता वाढलेला असतो, त्या दिवसांत तोलाचा नवा अवघड सराव लादू नका. घरात बोलताना समोर या, आधी नाव घ्या, ते बघतायत याची खात्री करा, मग बोला. ओरडू नका, ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात. सावकाश, छोटं वाक्य जास्त उपयोगी. बोलण्याआधी टीव्ही बंद करा.

मागून हाक मारणं सोडाच. हाक ऐकून माणूस मान वळवतो, मानेमागे खांदे, खांद्यांमागे कंबर, आणि पाय मात्र पुढच्या दिशेला रुतलेले. दोन पायांची कात्री होते आणि तोल जातो. त्यांना एकच सवय लावा: हाक आली की थांबायचं, दोनतीन छोट्या पावलांनी सगळं अंग वळवायचं, मग बघायचं.

फोनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यांच्या दोन्ही घटना तिथल्या आहेत. फोन कानाला लावला की एक हात कठड्यासाठी उरत नाही, एका बाजूचा झोका जातो, आणि दोन्ही कानांऐवजी एकाच कानाने, चेहरा न दिसता ऐकावं लागतं. ओठ दिसत नाहीत म्हणून गाळलेल्या जागा भरणं आणखी अवघड. शिवाय शेजारून चालणारा माणूस पायरी आली की आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला पायरी दिसत नाही, तो बोलतच राहतो. स्पीकर लावून हात मोकळा होतो, पण बाकीचं काहीच सुटत नाही. जिन्यावर पडण्याचा धोका उतरताना जास्त असतो, त्यातही पहिल्या आणि शेवटच्या पायऱ्यांवर, जिथे पावलाची लय बदलते. नियम साधा ठेवा: फोन वाजला की पायरीवर असाल तर दोन्ही पाय एकाच पायरीवर आणा, कठडा धरा, वाजू द्या.

सरावाचा क्रम असा. पहिले दोनतीन आठवडे दुसरं काम नाहीच. खुर्चीतून हात न लावता उठ-बस १० वेळा, दोन फेऱ्या. टाचा उचलणं १० ते १५ वेळा, आधाराला खुर्ची. टाचेला पंजा लावून उभं राहणं, दर बाजूला ३० सेकंदांपर्यंत. पडणं कमी करण्यासाठी तोलाचा व्यायाम आठवड्याला एकूण तीन तासांच्या आसपास गेला तर फायदा जास्त दिसतो. एका दमात नाही, दिवसभरात वाटून.

मग पाय जुळवून उभं राहत ऐकणं: छोटी बातमी ऐकायची, नंतर दोन प्रश्न. ते जमलं की ऐकताना ठरलेला शब्द आला की हात वर करायचा. त्यानंतर तेच चालताना. बोलून उत्तर देणं त्याच्याही नंतर, आधी प्राण्यांची नावं, मग महिने उलट्या क्रमाने, मग वजाबाकी, आणि शेवटी दिशांचे प्रश्न. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. पाय जवळ आणले असतील तर प्रश्न सोपा ठेवा. प्रश्न अवघड केला तर पाय रुंद होऊ द्या. उशी किंवा गादीवर डोळे मिटून उभं राहण्याचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात, घरी तो उद्योग नको. अंतर्कर्ण अधू असेल तर अशा वेळी तिन्हींपैकी एकही खात्रीची बातमी उरत नाही आणि माणूस ओंडक्यासारखा आडवा होतो.

पुढची पायरी कधी? माझा ठोकताळा: दहापैकी आठ उत्तरं बरोबर आणि ३० सेकंदांत आधाराला एकदाच हात, हे सलग तीन दिवस जमलं की. दहापैकी दहा येत असतील तर सराव फारच सोपा आहे. पाचाखाली आली तर माणूस वैतागतो, श्वास धरतो, खांदे ताणतो. त्यातून ताठरपणाच शिकला जातो.

एक बारकावा मात्र सोडू नका. फेऱ्यांपैकी निम्म्यांत सांगायचं, ‘या वेळी चाल महत्त्वाची, उत्तर चुकलं तरी चालेल’, आणि निम्म्यांत उलट. लक्ष दोन्हीकडे सारखं द्यायला सांगितलेल्या गटापेक्षा असा पालट केलेल्या गटाची सुधारणा जास्त टिकल्याचं छोट्या गटातल्या तुलनेत दिसलंय. तिथे ४५ मिनिटांची सत्रं, आठवड्यातून तीन, चार आठवडे चालली होती. तर्कही पटतो: खऱ्या आयुष्यात लक्ष विभागण्यापेक्षा ते वेळेवर परत पायांकडे आणता येणं जास्त कामाचं असतं.

वजाबाकीचा कंटाळा असेल तर संगीतावर चालणं हा उत्तम पर्याय. जिनिव्हात १३४ वृद्धांना सहा महिने, आठवड्यातून एक तास, पियानोच्या तालावर चालायला, ताल बदलला की पाऊल बदलायला शिकवलं. पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ऐकणं आणि पावलं इथे भांडत नाहीत, एकमेकांना धरून चालतात. ताल मात्र त्यांच्या नेहमीच्या चालीइतकाच निवडा, त्याहून जलद नको. आणि हेडफोन नकोत: त्यातला आवाज डोक्याबरोबर फिरतो, त्याची खुंटी होत नाही, आणि बाहेरचं ऐकूही येत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र हा सगळा सराव बाजूला ठेवा. हे थांबणं गेल्या काही दिवसांतच सुरू झालेलं असणं, ही एक खूण. बोलणं जड, चेहरा किंवा हात एका बाजूला सैल वाटत असेल, तर लगेच रुग्णालय. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे, ‘सर्दी असेल’ म्हणून थांबू नका. कूस बदलताना काही सेकंद खोली गरगरत असेल तर ते बहुधा अंतर्कर्णातले सूक्ष्म खडे जागचे हलल्याने होतं, आणि डोक्याच्या ठरावीक हालचालींनी बरं होतं. पावलं जमिनीला चिकटल्यासारखी आखूड, लघवीवर ताबा सुटणं आणि विसराळूपणा ही तिन्ही एकत्र आली तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

महिन्याने मोजणी पुन्हा करा: तीच खुर्ची, त्याच चपला, दिवसाची तीच वेळ, कारण संध्याकाळच्या थकव्यात आकडे वेगळेच येतात. वजाबाकीची सुरुवात मात्र दुसऱ्या आकड्यापासून करा, नाहीतर पाठ झालेली उत्तरं मिळतील.

आणि तोवर सोबत चालताना तुम्ही त्यांच्या ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे चाला. तुमचा चेहरा त्यांना मान न वळवता दिसेल, प्रश्न आला तर थांबायला जागा राहील, आणि ते थांबले की तुम्हीही थांबा.